चार बोटांचं अंतर

परवा भाच्याने आयर्लंडच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि मान वर न करताच विचारलं, "मावशी, डंडॉक आणि न्यूरीमध्ये अर्धा सेंटिमीटरपण नाहीये गं. यांची फुटबॉलची मॅच कधी असते?" मी म्हणाले, "नसते." "का?" "देश वेगळे आहेत ना. लीग वेगळ्या." त्याने पट्टी फिरवून पुन्हा लावली, माझं उत्तर नकाशावर तपासून बघावं तशी. मग म्हणाला, "पण डंडॉकवाले पार खाली कॉर्कला जातात खेळायला. ते पाच सेंटिमीटरच्या वर आहे. आणि शेजारी नाही जात?" एवढं बोलून त्याने पान उलटलं आणि तो आइसलँडकडे वळला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. मी मात्र त्या दिवशी भांडी विसळताना, रात्री दिवा घालवताना त्याच अर्ध्या सेंटिमीटरपाशी येऊन थांबत राहिले.

तो नकाशासंग्रह आमचा आहे, ताईचा आणि माझा. कोपरे दुमडून मऊ झालेले, युरोपच्या पानाची शिवण सुटलेली, आणि व्हिएन्नाच्या आसपास पेन्सिल फिरून फिरून कागद चकचकीत झालेला. तेव्हा आम्हा दोघींचा एक खेळ होता. एका वहीत आम्ही चषक भरवायचो. नियम एकच: दोन्ही क्लब वेगवेगळ्या देशांतले हवेत आणि ताईची चार बोटं आडवी ठेवली की दोन्ही गावं त्या बोटांखाली झाकली गेली पाहिजेत. व्हिएन्ना आणि प्राग बसायचे. व्हिएन्ना आणि बुडापेस्टही बसायचे. लिस्बनला कुणी शेजारीच मिळायचा नाही, म्हणून मला त्याची फार दया यायची. फासा टाकून गोल ठरायचे आणि अंतिम सामन्याचं वर्णन ताई आवाज बदलून करायची. रॅपिड, स्पार्टा, फेरेन्सवारोस ही नावं आम्हाला वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावरून मिळालेली. त्यांचा उच्चार आम्ही कसा करत होतो ते आठवलं की आजही तोंडात त्या नावांची चव येते.

खूप वर्षांनी कळलं की आमचा वहीतला चषक खरोखर होऊन गेला होता.

ह्यूगो माइस्ल नावाचा ऑस्ट्रियन माणूस त्याच्या मागे होता. १९२७च्या जुलैमध्ये व्हेनिसला बैठक झाली आणि ऑगस्टमध्ये सामने सुरूही झाले. मित्रोपा कप, म्हणजे मध्य युरोपचा चषक. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांचे क्लब. पुढे १९२९मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी इटली आली. कारण साधं होतं. ऑस्ट्रियात १९२४ साली, चेकोस्लोव्हाकियात १९२५ साली आणि हंगेरीत १९२६ साली व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं होतं. खेळाडूंना पगार द्यायचा म्हणजे तिकिटं विकली जायला हवीत, आणि तेच तेच गावातले सामने किती वेळा विकणार? म्हणून शेजारी. पण मला पैशाच्या गणितापेक्षा तारीख जास्त खेचते. १९१८पर्यंत व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट एकाच सम्राटाच्या राज्यात होते. म्हणजे हा चषक ज्या सीमा ओलांडत होता, त्यांचं वय जेमतेम नऊ वर्षं. स्टेडियममध्ये बसलेल्या बहुतेक माणसांचा जन्म त्या रेषा आखायच्या आधीचा. कालपर्यंत जो एका घरातला होता, तो आज पासपोर्ट दाखवून खेळायला आलाय. पहिल्या अंतिम सामन्यात स्पार्टा प्रागने रॅपिड व्हिएन्नाला दोन लढतींत मिळून ७-४ असं हरवलं. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलेल्या माणसांना नेमकं काय वाटलं असेल, हे मला कुठल्याच नोंदीत सापडत नाही आणि तेच तर मला हवं असतं.

शेजारी एकमेकांवर प्रेमच करतात असं मात्र नाही. उलट. १९३२च्या उपांत्य फेरीत स्लाव्हिया प्रागने युव्हेंटसला घरी ४-० हरवलं. परतीच्या सामन्यात तुरिनमध्ये युव्हेंटस २-०ने पुढे असताना गर्दीतून दगड आला आणि स्लाव्हियाचा गोलरक्षक फ्रांतिशेक प्लानिच्का जखमी झाला. स्लाव्हिया मैदान सोडून गेली. आयोजकांनी दोन्ही संघांना बाद केलं आणि दुसऱ्या उपांत्य सामन्यातून आलेल्या बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच चषक मिळाला. हे वाचल्यावर आधी मला राग आला. मग वाटलं, ज्या स्पर्धेत हरणं इतकं लागतं की हातात दगड येतो, ती स्पर्धा निदान खरी होती. हा विचार मला आवडत नाही, पण मी तो खोडूही शकत नाही. दगड नको आहे मला. पण जिथे कुणालाच काही लागत नाही, तिथलं मोकळं स्टेडियमही मी पाहिलंय.

ते पाहिलं रॉयल लीगमध्ये. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिघांनी मिळून २००४ साली सुरू केलेली ही स्पर्धा. प्रत्येक देशातले चार क्लब, एकूण बारा. कागदावर यापेक्षा सुंदर कल्पना नाही. भाषा एकमेकांना समजतात, खेळाडू इकडून तिकडे जातात, जुनी हाडवैरं आहेत पण ती हसत निभावण्याइतकी. जुन्या सामन्याची एक चित्रफीत मी रात्री उशिरा बघत बसले होते. कडेला ढकललेला बर्फ, नारिंगी चेंडू, खेळाडूंच्या तोंडातून वाफ आणि प्रशिक्षकाचं ओरडणं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की प्रत्येक शब्द लिहून काढता आला असता. प्रेक्षकांच्या रांगांवर रांगा रिकाम्या. गोल झाला तेव्हा आनंदाचा आवाज एका कोपऱ्यातून आला आणि समोरच्या रिकाम्या बाकांवर आदळून परत आला.

असं का झालं, याचं उत्तर दिनदर्शिकेत आहे. नॉर्वे आणि स्वीडनचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. डेन्मार्कचा हंगाम जुलैच्या आसपास सुरू होतो आणि मध्ये हिवाळ्याची मोठी सुट्टी घेतो. तिघांनाही एकाच वेळी मोकळे असे दिवस शोधले तर हाताला लागतो तो फक्त हिवाळा. म्हणजे ज्या महिन्यांत आपली लीग खेळवणं कुणालाच परवडत नाही, ते महिने शेजाऱ्याला दिले. कोपनहेगनने पहिल्या दोन्ही वेळा चषक जिंकला. पहिला तर गोथेनबर्गमध्ये, तिथल्याच आयएफके संघाविरुद्ध, पेनल्टींवर १२-११ असा. बावीस खेळाडूंच्या सगळ्या छात्या धडधडत असतील तेव्हा. पण २००७चा शेवटचा अंतिम सामना पाहा: ब्राँडबी विरुद्ध कोपनहेगन. एकाच शहराचे दोन क्लब. तीन देशांना जोडणारी स्पर्धा संपताना तिला सीमा ओलांडायचीही गरज उरली नव्हती. आणि हे तेच कोपनहेगन, ज्याने आदल्या नोव्हेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं होतं. ज्याने ती रात्र पाहिली, त्याला बर्फातल्या रिकाम्या बाकांवर बोलावणं कुणाला जमणार?

उरलेले दिवस. मला वाटतं, सगळं इथेच अडतं.

आम्ही राहायचो त्या वसाहतीच्या मागे एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे दुसरी वसाहत. तिकडची मुलं आम्हाला आवाजाने माहीत होती, चेहऱ्याने नाही. एका वर्षी ताईनेच पुढाकार घेतला आणि दोन्हीकडच्या मुलांचा चषक ठरला. चषक म्हणजे कुणाच्या तरी घरातली पितळी फुलदाणी. पहिल्या वर्षी भिंतीवर बसायला जागा उरली नव्हती. दोन गोल झाले, तीन भांडणं झाली, आणि पलीकडच्या ज्या मुलीने मला पाडलं तिचं नाव मी आजही विसरलेले नाही. दुसऱ्या वर्षी सामना सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ढकलला, कारण आधी आमचे आमचे सामने संपवायचे होते. तिसऱ्या वर्षी तो सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवला. त्या दिवशी सगळे वह्यांना कव्हरं घालत बसले होते. ताई फुलदाणी घेऊन भिंतीवर चढली, थोडा वेळ बसली आणि उतरली. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं. स्पर्धा बंद करायची असं कुणी ठरवलंही नव्हतं.

आयर्लंडचं दुखणं याहून खोल आहे, म्हणून भाच्याला "देश वेगळे आहेत" एवढंच सांगून मी सुटले याची मला टोचणी लागली. १९२१मध्ये बेटाच्या फुटबॉलचे दोन तुकडे झाले. दोन संघटना, दोन लीग: ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेची एक, वेगळ्या झालेल्या दक्षिणेची एक. सीमेला अगदी खेटून असलेल्या डेरी शहराचा क्लब उत्तरेच्या लीगमध्ये होता. तिथल्या अशांततेच्या काळात त्यांच्या मैदानावर खेळणं असुरक्षित ठरवलं गेलं, घरचे सामने परगावी खेळावे लागले आणि १९७२मध्ये क्लबने लीग सोडली. तेरा वर्षं डेरी सिटीला मोठ्या लीगमध्ये जागाच नव्हती. १९८५मध्ये ते सीमेपलीकडे, दक्षिणेच्या लीगमध्ये गेले आणि १९८९मध्ये त्यांनी तिथल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. शहर एका देशात, लीग दुसऱ्या देशात. कुणाला ही तांत्रिक तडजोड वाटेल. मला ते एका गावाने आपल्या शनिवारासाठी केलेलं स्थलांतर वाटतं.

आणि १९७९चा तो ऑगस्ट. युरोपियन कपच्या सोडतीत दक्षिणेचा डंडॉक आणि बेलफास्टचा लिनफिल्ड समोरासमोर आले. सामन्याच्या दोनच दिवस आधी वॉरनपॉइंटला अठरा ब्रिटिश सैनिक मारले गेले होते आणि त्याच दिवशी लॉर्ड माउंटबॅटन यांचीही हत्या झाली होती. वॉरनपॉइंट ते डंडॉक हे अंतर आमच्या नकाशात एका बोटाच्या नखाखाली झाकलं जातं. सामना १-१ असा सुटला, पण मैदानात आणि बाहेर दंगल उसळली. परतीचा सामना बेलफास्टला होऊच शकला नाही. तो कुठे झाला? नेदरलँड्समध्ये, हार्लेमला. तासा-दीड तासाच्या रस्त्यावरचे दोन संघ समुद्र ओलांडून परक्या देशात एकमेकांना भेटले. हार्लेमच्या त्या मैदानाचं चित्र मी मनात अनेकदा उभं केलंय. यजमान कुणीच नाही. दोघेही पाहुणे.

म्हणून २००५ला जेव्हा सेटांटा कप सुरू झाला, तेव्हा त्यातले खेळाडू किती दर्जाचे होते हे मला गौण वाटतं. उत्तरेचे तीन क्लब, दक्षिणेचे तीन. पहिला अंतिम सामना डब्लिनच्या टोल्का पार्कवर, शेलबोर्नविरुद्ध लिनफिल्ड. तोच लिनफिल्ड, ज्याला हार्लेम गाठावं लागलं होतं. ते डब्लिनला आले, २-० जिंकले, चषक घेऊन रस्त्याने घरी गेले. रस्त्याने घरी गेले, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. शेजाऱ्यांच्या चषकात मला जे हवं असतं ते सगळं त्यात आहे: परगावचा सामना, जिथून त्याच रात्री परतता येतं. दूरच्या सामन्याला फक्त श्रीमंत जातात किंवा वेडे. शेजारच्या सामन्याला आजोबा नातवाला घेऊन जातात, गाडीत डबा असतो, आणि काल ज्यांना फक्त नावाने ओळखत होतो त्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधावी लागते. त्या गल्लीतलं एखादं माणूस दार उघडून बघतं. तेवढंच. पण ते तेवढं दुसऱ्या कशातून होत नाही.

तोही चषक २०१४च्या अंतिम सामन्यानंतर थांबला. दक्षिणेची लीग २००३पासून उन्हाळ्यात खेळू लागली होती आणि उत्तरेची हिवाळ्यातच राहिली. एकाचा हंगाम ऐन रंगात येतो तेव्हा दुसरा पाय वर करून बसलेला असतो. पुन्हा तीच दिनदर्शिका. २०१९मध्ये दोन्हीकडच्या विजेत्यांचा दोन लढतींचा चषक झाला. डंडॉक आणि लिनफिल्डच. बेलफास्टला १-१, डंडॉकला ६-०. चाळीस वर्षांनी परतीचा सामना समुद्र न ओलांडता झाला. मला त्या सहा गोलांपेक्षा ती १-१ची बरोबरी जास्त मोलाची वाटते.

परक्या जागी भेटायची वेळ फक्त त्यांच्यावरच आली असं नाही. ईस्ट बंगाल १९२० सालचा क्लब. त्याच्या नावातली भूमी आता सीमेपलीकडे आहे. २००३मध्ये जकार्तात आग्नेय आशियाई क्लबांच्या स्पर्धेत हा संघ पाहुणा म्हणून गेला आणि अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला ३-१ हरवून चषक घेऊन आला. ती मोठी गोष्ट होतीच. पण माझ्या मनात रेंगाळते ती ऑक्टोबर २०२४ची लढत, ईस्ट बंगाल विरुद्ध बांगलादेशचा बसुंधरा किंग्ज. कोलकाता आणि ढाका यांच्यातलं हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सामना झाला थिंफूला, भूतानच्या डोंगरात, कारण आशियाई स्पर्धेतला तो गट तिथे खेळवायचा ठरलं होतं. ईस्ट बंगाल ४-० जिंकलं. दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांना एकाच भाषेत हाका मारत असतील. नव्वदीच्या सुरुवातीला ढाक्याचा मोनेम मुन्ना ईस्ट बंगालकडून खेळला, तेव्हा कोलकात्याच्या मैदानाने त्याला आपलं मानलं होतं. खेळाडू ये-जा करू शकतो. मग दोन गावं का नाही?

माझ्याकडे उत्तर नाही असं मला म्हणायचं नाहीये. काही गोष्टी मला ठाम वाटतात. शेजाऱ्यांची एकत्र लीग मला नको वाटते. बेल्जियम आणि नेदरलँड्सने महिलांसाठी २०१२मध्ये तशी लीग केली. ट्वेंटेने ती दोनदा जिंकली, स्टँडर्ड लिएजने एकदा, आणि २०१५मध्ये दोन्ही देश आपापल्या घरी परतले. लीग एक झाली की लहान क्लबाच्या वाट्याचं विजेतेपद दूर जातं. चषक तसं काही काढून घेत नाही, तो चार संध्याकाळी उसन्या मागतो. पण त्या संध्याकाळी चांगल्या हव्यात. आणि एकाच्या घरी नकोत. २०२३मध्ये अमेरिका-कॅनडाच्या लीगचे २९ आणि मेक्सिकोचे १८ असे सगळे ४७ क्लब लीग्ज कपमध्ये उतरले. त्यासाठी अमेरिकेतली लीग चक्क थांबवली गेली, मेस्सीने पहिल्याच सामन्यात भरपाईच्या वेळेत फ्री किकवर गोल मारला, आणि त्याचा संघ अंतिम सामन्यात नॅशव्हिलला पेनल्टींवर १०-९ने हरवून जिंकला. मी एकेक सामना जागून पाहिला. तरी महिनाभर मला एक खटकत राहिलं. एकही सामना मेक्सिकोत नव्हता. ज्याच्याकडे आपण कधीच जात नाही, फक्त त्यालाच बोलावत राहतो, त्याचं अंगण आपल्याला कसं कळणार? त्यापेक्षा मला १९०० साली सुरू झालेला तो जुना चषक जवळचा वाटतो, ज्यासाठी ब्यूनोस आयरेस, रोसारिओ आणि मोंटेव्हिडिओचे संघ रिओ दे ला प्लाता ओलांडायचे. ब्यूनोस आयरेसच्या काठावरून त्या पाण्याचा दुसरा काठ दिसत नाही. न दिसणाऱ्या काठावर खेळायला जायचं आणि परत यायचं.

मित्रोपाची शेवटची ओळही सांगायला हवी. १९३८मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला आणि व्हिएन्नाचे क्लब चषकातून गेले. १९४०चा अंतिम सामना ठरला होता, फेरेन्सवारोस आणि रॅपिड बुखारेस्ट. तो खेळलाच गेला नाही. युद्धानंतर चषक पुन्हा सुरू झाला, पण हळूहळू पातळ होत गेला. मोठे क्लब मोठ्या स्पर्धांकडे गेले. १९९२मध्ये तो शेवटचा जिंकला बान्या लुकाच्या बोरात्सने, आणि तेव्हा त्यांच्या बोस्नियात युद्ध पेटलेलं होतं. नव्या सीमांची शाई वाळते न वाळते तोच जन्मलेला चषक, पुन्हा नव्या सीमा आखल्या जात असतानाच संपला. हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या वहीत रॅपिड किती वेळा जिंकलं होतं गं?" मला आठवत नव्हतं. तिलाही नाही.

काल भाचा परत आला. आइसलँडला कुणी शेजारी नाही हे त्याने शोधून काढलं होतं आणि त्याबद्दल तो माझ्याइतकाच हळहळला. मी त्याला डेरीची गोष्ट सांगितली, हार्लेमची सांगितली. त्याने नेदरलँड्सपर्यंत पट्टी लावून पाहिली आणि काहीच बोलला नाही. मग कागद घेतला. आठ संघ, चार उत्तरेचे, चार दक्षिणेचे, डंडॉक आणि न्यूरी पहिल्याच फेरीत. आडव्या-उभ्या रेषा ओढून झाल्यावर त्याने तारखेची जागा मोकळी ठेवली. "तारीख तू सांग." आम्ही दोन्ही लीगची वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडली आणि कागदावर पेन्सिलीने उतरवली. दक्षिणेकडे बहुतेक शुक्रवारी रात्री, उत्तरेकडे शनिवारी दुपारी. तो बोट फिरवत डिसेंबरच्या टोकापर्यंत गेला, मग थेट जूनमध्ये. "इथे दोघांपैकी एक तरी रिकामा आहे," तो म्हणाला.

"तिथे नको," मी म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये बसव. मधल्या आठवड्यात."

"पण तिथे दोघांच्या लीगच्या मॅचेस लिहिल्यात."

"खोड."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी गंमत करत नाहीये ना ते बघायला. मग खोडरबर घेतलं आणि आधी दक्षिणेचा शुक्रवार, नंतर उत्तरेचा शनिवार, दोन्ही नीट घासून काढले. खोडरबराचा कचरा नकाशावर पडला, आयरिश समुद्राच्या निळ्या रंगावर. त्याने तो फुंकून उडवला आणि मोकळ्या झालेल्या चौकोनावर पेन्सिल टेकवली.

"आता सांग, पहिली मॅच कुणाकडे?"